डावा डोळा

शालन निकम दुकानाची पायरी चढून आत आली तेव्हा मी एका नवरदेवाच्या हनुवटीवरचा पांढरा डाग रंगवून काढत होतो. फोटो मुलीकडच्यांना पाठवायचा होता. मुलाच्या मामानं सकाळीच बजावलं होतं, "दिवटे, तेवढं डागाचं बघा. बाकी पोरगं लाखात एक हाय." मी म्हणालो होतो, काळजी सोडा. दोन-तीन केसांच्या त्या ब्रशानं मी विट्यातली निम्मी लग्नं जुळवलीत, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो, आणि लोकही हसून मान डोलवायचे.

"भाऊ, वळख हाय का?"

मान वर न करताच मी "या, बसा" म्हणालो. मग वर बघितलं आणि ब्रश हातातच राहिला.

सात वर्षांत ती वाळून निम्मी झाली होती. कपाळावरचं कुंकू तेवढं पूर्वीसारखं ठसठशीत होतं. हातात कापडी पिशवी होती आणि ती पिशवी तिनं पोटाशी धरली होती.

"रेश्माची आई," मी म्हणालो.

"व्हय. रेश्माची आई." या नावानं बऱ्याच दिवसांत तिला कुणी हाक मारली नसावी. तेवढ्यानंच ती जरा सैल झाली आणि बाकावर टेकली.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. आमच्या भागातले पुरुष सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले असतात. गलाईवाले म्हणतात त्यांना. कुणी सेलमला, कुणी विजयवाड्याला, कुणी पार कलकत्त्याला. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला नाहीतर घरच्या लग्नाला, चार-आठ दिवस येणार आणि पुन्हा गाडीत बसणार. मागे राहिलेल्या बायका पोरं वाढवायच्या आणि पोरांचे फोटो काढून धन्याला पाठवायच्या. माझं दुकान चाललं ते त्या फोटोंवर. कित्येक बापांनी आपल्या लेकराचं तोंड पहिल्यांदा बघितलं ते माझ्या फोटोत. म्हणून मी पोरांचे फोटो नुसते काढत नसे, ते नटवत असे. गालावरचे ओरखडे, ओठाखालची लाळ, तीट लावताना फिसकटलेलं काजळ, सगळं नीट करून द्यायचो. बापाच्या हातात पडणारं पोर कसं बघत राहावंसं असायचं.

मला स्वतःला मूल नव्हतं. बायको कुसुम लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली. दुसरं लग्न कर म्हणणारे पुष्कळ होते, पण मी मनावर घेतलं नाही आणि मग त्यांनीही सोडून दिलं. दुकानाच्या मागे एक खोली, तिच्यामागे डार्करूम, एवढंच माझं जग. डबा खानावळीतून यायचा. भिंतींवर चाळीस-पन्नास पोरं हसत लटकलेली होती, सगळी दुसऱ्यांची. संध्याकाळी फळ्या लावल्या की मी आणि ती.

"बोला शालनताई. काय काम काढलं?"

"रेश्माच्या निगेटिव्ह असत्याल का हो भाऊ?"

"त्या कशाला आता?"

तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. "मुंबईच्या डॉक्टरीणबाई हायत्या न्हवं, रेश्माला बघायच्या, त्यांचं पत्र आलंय. बारक्या पोरांच्या डोळ्यात कॅन्सर हुतो, त्यावर त्या संशोधन कराय लागल्यात. त्याला पैका लागतो. आन् पैका कोन देत न्हाई, कारन असलं काय असतंय हेच कुनाला ठावं न्हाई. मला तरी कुठं ठावं हुतं?" ती बोलायला लागली तसं मला कळलं की हे बोलणं तिनं वाटेत घोकत आणलंय. "म्हनून त्या एक मोठा कागद छापनार हायत्या. त्यात रेश्माचा फोटू. पोराच्या डोळ्यात असं काय दिसलं तर थांबू नका, डॉक्टरला दावा, असं खाली लिवनार. आपल्या गलाईवाल्यांच्या संघटनेनं कबूल केलंय, गावोगावच्या दुकानातनं कागद लावायचा आन् वर्गनीबी तिथनंच गोळा करायची. बाई म्हनत्यात, आकडे वाचून कुनी खिशात हात घालत न्हाई. लेकराचं तोंड बघून घालतो."

"मग तोंडाचा एखादा फोटो देऊ की. त्यात काय एवढं."

"तसं न्हाई. डोळ्यात पांढरं चमकतंय असा जुना फोटू पायजे त्यांना. मी त्यांना लिवलं, तीन फोटू काढलं हुतं, तिन्हीत डोळं काळंभोर आल्यात. तरी त्या म्हनल्या, निगेटिव्ह गावते का बघा."

मी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. नवरदेवाच्या हनुवटीवर एक थेंब पडला तो टिपून घेतला.

"मागं वाळवी लागली होती हो, ताई. बरंच गेलं त्यात. असतील असं वाटत नाही."

"बघा तरी. मी बसते."

आणि ती बसली. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. खोटं बोलणाऱ्याला असं माणूस फार जड जातं. चिडलं, उठून गेलं, तर सुटका तरी होते.

वाळवी माझ्या दुकानात कधीच लागली नव्हती. निगेटिव्ह मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचो, गाववार, नाववार, प्रत्येकीला बटर पेपरची पिशवी. लेंगरे बाजूच्या वाड्यांचा, म्हणजे निकमांचा, डबा मांडणीत तिसरा. डार्करूमचं दार लोटून घेतलं आणि अंधारात उभा राहिलो. दिवा लावायचं जिवावर आलं होतं. निगेटिव्हवर काय आहे ते मला न बघता माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

रेश्मा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. संपत निकम सेलमला होता, त्यानं पोरीला बघितलंच नव्हतं. शालननं तिला लाल झबलं घातलं होतं आणि फोटो काळापांढरा येणार म्हटल्यावर ती हिरमुसली होती. पोरगी हसरी. मी कॅमेऱ्यामागून घुंगरू वाजवायचो तर ती हात पुढे करून ते मागायची. लहान पोरं जागेवर ठरत नाहीत, म्हणून त्यांना मी मोठे दिवे न लावता कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशनं काढायचो. प्रिंट धुऊन वाळत घातली तेव्हा दिसलं की डाव्या डोळ्याच्या बाहुलीत मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे. मला वाटलं, फ्लॅश. फ्लॅशनं असले उपद्व्याप बरेच व्हायचे. ब्रश घेतला आणि एका टिंबात बाहुली काळी केली. मिनिटभराचं काम. रंग पाण्याचा असायचा, वर चिकटून बसायचा, म्हणून देताना मी प्रत्येकाला सांगायचो तसं तिलाही सांगितलं, "फोटोला ओलं बोट लावू नका." फोटो सेलमला गेला. संपतचं उलट टपाली पत्र आलं, पोरगी माझ्या आईवर गेलीय म्हणून. शालननं मला ते वाचून दाखवलं होतं, एवढी ती खूश होती.

दुसरा फोटो पहिल्या वाढदिवसाचा. ठिपका तिथंच, जरा मोठा. पुन्हा ब्रश.

तिसरा दीड वर्षाची असतानाचा. त्या वेळी पोरगी सारखी मान वाकडी करून बघत होती. मी जाऊन हनुवटी सरळ करायचो, कॅमेऱ्यापाशी येईपर्यंत तिची मान पुन्हा वाकडी. चार वेळा मी त्या एवढ्याशा हनुवटीला धरून तोंड समोर केलं. शालन म्हणाली, "अशी का करती ही?" मी म्हणालो, "लाजतीय. माझ्याशी लगीन लावायचं ठरवलंय तिनं." दोघंही हसलो. त्या प्रिंटमध्ये डावी बाहुली पूर्ण पांढरी होती. मला तेव्हाही काही वाटलं नाही, म्हणजे असं वाटलं की या पोरीला फ्लॅश फार लागतो. थोडा जास्त रंग घेतला, उजव्या डोळ्यातली प्रकाशाची चांदणी जशीच्या तशी डाव्यात उतरवली आणि स्वतःवर खूश झालो. इतकं बेमालूम काम माझ्याकडून क्वचित झालं असेल.

चार-पाच महिन्यांनी डोळा सुजून बाहेर आला तेव्हा पोरीला मिरजेला नेली, तिथून मुंबईला. शहाऐंशीच्या पावसाळ्यात रेश्मा गेली. तीन वर्षांचीही नव्हती. निकमांच्या भावकीतला एक जण पासपोर्टचा फोटो काढायला आला होता, त्यानं दुकानात सांगितलं, "डॉक्टर म्हनला, आधी डोळ्यात पांढरं दिसत असनार. तवाच आनली असती तर डोळा गेला असता, पर पोर ऱ्हायली असती. आन् आई असून हिला दिसू नये!" मी त्याची हनुवटी धरून तोंड सरळ करत होतो. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी म्हणालो, "हलू नका," आणि फोटो काढला.

नंतरही कानावर येत राहिलं. सासू म्हणायची, पोरीच्या डोळ्यात काय वाढतंय ते आईला दिसलं नाही, बघायला हिला सवड कुठं होती. संपतनं सेलमहून लिहिलं की तुझ्याकडं एक पोर सांभाळायला दिलं होतं. त्यानंतर त्यानं तिला बोलावलं नाही, तोही आला नाही. ती विट्यात एक खोली घेऊन अंगणवाडीत काम करायला लागली. बाजारात लांबून दिसली की मी गल्ली बदलायचो. एवढं तिच्यावर साचत गेलं आणि मी पलीकडच्या गल्लीतून चालत राहिलो. मला भीती वाटायची, दुसरं काही नाही. गावानं पोरं आणणं बंद केलं तर भिंतीवरचीही उतरवावी लागतील, असलं काहीतरी मनात यायचं.

दिवा लावला. तिन्ही निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं. उजव्या डोळ्याची बाहुली काचेसारखी आरपार दिसत होती. डाव्या डोळ्यात काळा ठिपका, पहिल्यापेक्षा दुसऱ्यात मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात. एकापुढे एक धरल्या तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

बाजूलाच निगेटिव्ह खरवडायचा चाकू होता. दोन वेळा टोक फिरवलं असतं की तो ठिपका गेला असता, आणि बाहेर येऊन मी म्हणालो असतो, ताई, मिळाल्या बघा, पण काही नाही त्यांत. मी चाकू हातात घेतला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"भाऊ," दाराबाहेरून तिचा आवाज आला, "गावल्या का?"

"बघतोय."

"न्हाई गावल्या तरी असूंद्या. एक इचारू का?" ती दाराजवळ येऊन उभी राहिली असावी. "त्यो कागद सेलमलाबी जानार. त्यांच्या दुकानाच्या भिताडावर लागनार. त्यांच्याकडं तिचं तिन्ही फोटू हायती, तुमी काढलेलं. माझ्याकडं येकबी न्हाई. मला वाटतं, कागदावर तिला बघून तरी दोन वळी लिवत्याल. न्हाई का?"

मी चाकू खाली ठेवला. त्यात काही थोरपण नव्हतं. मला एकदम दुसरंच दिसलं होतं. कागदावर पांढऱ्या डोळ्याची रेश्मा, आणि संपतच्या हातात तीच रेश्मा, त्याच फोटोत, काळ्याभोर डोळ्याची. त्याला काय वाटेल? फोटो काढून घेतले बायकोनं, पोस्टात टाकले बायकोनं. पोरीत खोट आहे हे नवऱ्याला कळू नये म्हणून हिनंच डोळा रंगवून घेतला, असं म्हणायला त्याला कितीसा वेळ लागणार होता? आजवर ती आंधळी ठरली होती. मी गप्प राहून निगेटिव्ह दिली असती तर ती खोटारडीही ठरली असती. आणि ठिपका खरवडला असता तर त्या बाईंच्या कागदाला तोंडच राहिलं नसतं.

"ताई, आत या," मी म्हणालो. "दार लावून घ्या. उजेड येता कामा नये."

ती आली. लाल दिव्यात ती अगदी कोपऱ्यात, अंग चोरून उभी राहिली. डार्करूममध्ये कुसुमनंतर कुणी बाईमाणूस आलं नव्हतं. मी तिसरी निगेटिव्ह यंत्रात घातली, कागदावर प्रकाश टाकला, कागद उचलून औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

"आता बघा. हळूहळू येईल."

आधी झबल्याची कड आली. मग केसांचा झुबका, मग ओठ. शालन पुढे वाकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "आली," ती हळूच म्हणाली, "आली बघा माझी बाय." मी चिमट्यानं कागद हलवत होतो. उजवा डोळा काळा होत गेला. डावा झाला नाही. भोवतीचं सगळं गडद होत गेलं आणि ती एक बाहुली तेवढी पांढरीच्या पांढरी राहिली.

मी कागद उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला, मग तिसऱ्या. हाताला काम होतं तोवर बरं होतं.

"ह्यो फोटू," ती शेवटी म्हणाली, "माझ्याकडं आला तवा असा नव्हता."

"नव्हता. मी रंगवला होता. तिन्ही रंगवले. मला वाटलं फ्लॅशची चमक आहे, फोटो खराब दिसेल. तुम्हाला विचारलंही नाही." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "ती गेल्यावर मला कळलं, ताई. सहा वर्षं मला ठाऊक आहे. लोक तुम्हाला बोलत होते तेव्हा मी इथंच होतो. मी बोललो नाही."

मला वाटलं, आता ती ओरडेल, ट्रे अंगावर फेकेल. फेकायला हवा होता. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"भाऊ, मी बघितलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"चुलीफुडं बसली की तिचा डावा डोळा चमकायचा. मांजराच्या डोळ्यावानी. सासूबाईस्नी म्हनलं तर म्हनल्या, दिष्ट काढ. काढली. परत चमकायचा. जिवाला घोर लागला. म्हनलं, आता धाकल्या दिराला मागं लागून मिरजंला न्यावी. तवर तुमचा फोटू आला." ती माझ्याकडे बघत नव्हती, ट्रेमधल्या कागदाकडे बघत होती. "फोटूत दोनी डोळं सारखं. मी उनात न्हिऊन बघितला, दिव्याजवळ धरून बघितला. म्हनलं, शालन, तुझ्याच डोळ्यात कायतर खोट हाय. मशीन कुठं लबाड बोलतंय? तीनदा तसंच झालं, भाऊ. दर खेपंला मला घोर लागायचा आन् दर खेपंला तुमचा फोटू यायचा."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि दार तिच्या पाठीमागे होतं. फ्लॅशची चूक ही अजाणता झालेली, असं मी स्वतःला सहा वर्षं समजावत आलो होतो. माझा फोटो पोरीची आई दर वेळी पुरावा म्हणून बघत होती, हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

"सगळी म्हनली, तुला दिसलं न्हाई. मीबी म्हनू लागले, न्हाईच दिसलं. चुलीचा जाळ आसंल, माझा भास आसंल. रात-दीस हेच, दिसलं का न्हाई दिसलं, दिसलं का न्हाई दिसलं." तिनं पदर तोंडाला लावला आणि मग काढला. "म्हंजी मला दिसलं हुतं. भाऊ, मला खरंच दिसलं हुतं."

आणि ती रडायला लागली. इतका वेळ ती रडली नव्हती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, पण तिला पाणीही देऊ शकलो नाही. तिच्या रडण्यात मला काही जागा नव्हती. ट्रेमधलं पाणी वाहत होतं, ते मी बंद केलं.

ती जायला निघाली तोवर मी बाकीचे दोन फोटोही धुतले होते आणि तिन्ही वाळले होते. पांढऱ्या डोळ्याचे, हात न लावलेले. ते मी पाकिटात घालून दिले, निगेटिव्हही दिल्या.

"सेलमचा पत्ता द्या," मी म्हणालो. "कागद पोचायच्या आधी माझं पत्र पोचायला हवं."

ती पायरीवर थांबली. मला वाटलं नको म्हणेल. माझ्या मनात कुठंतरी तशी आशाही होती, कशाला खोटं बोलू.

"लिवा," ती म्हणाली. "सगळं लिवा. मला दिसलं हुतं, हे बी लिवा."

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. चार कागद फाडले. शेवटी एवढंच ठेवलं: तुमच्याकडच्या तिन्ही फोटोंत रेश्माच्या डाव्या डोळ्यावर माझा रंग आहे. तो मी कुणाच्या सांगण्यावरून दिलेला नाही. तुमच्या बायकोला आजार दिसला होता, माझ्या फोटोनं तिला खोटं पाडलं. पोस्टात टाकून परत आलो आणि नवरदेवाचा फोटो घेऊन बसलो. हनुवटीवरचा डाग अर्धा राहिला होता. मामा आला तेव्हा मी त्याला फोटो तसाच दिला, आणि तो मला काय काय बोलला ते त्याच्याजवळच राहू दे.

कागद निघाला. दवाखान्यात लागला, एसटी स्टँडवर लागला, शालनच्या अंगणवाडीत लागला. गलाईवाल्यांच्या दुकानांतून वर्गणी चांगली गोळा झाली असं ऐकलं. सेलमहून मात्र काही नाही. जून गेला, जुलै गेला. दुकानाच्या उघड्या दारातून मला पोस्टमन दिसायचा, समोरच्या किराणावाल्याला टपाल देऊन पुढे जायचा.

ऑगस्टमध्ये शालन आली. आत आली नाही, पायरीखालीच उभी राहिली.

"त्यांचं पत्र आलं."

"काय म्हणतात?"

"'मीबी फोटूच बघत बसलो हुतो,' म्हनत्यात. आन् 'ये,' म्हनत्यात." तिनं पदर सारखा केला. "सहा वर्सांनी, ये म्हनत्यात. जाते. बघते कसं काय."

"माझ्याबद्दल काही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, माया नव्हती, ती नुसती बघत होती. "न्हाई," ती म्हणाली, "तुमच्याबद्दल काय न्हाई." आणि स्टँडकडे गेली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. लांबून दिसली तर आता मी गल्ली बदलणार नव्हतो, पण ती दिसलीच नाही.

दिवाळीच्या सुमाराला एक जाड पाकीट आलं. शिक्का सेलमचा. मी मागच्या खोलीत जाऊन उघडलं. आत चिठ्ठी नव्हती. माझेच तीन फोटो होते, मागे माझ्या दुकानाचा शिक्का, कडा हाताळून मऊ झालेल्या. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी उशाशी असावेत. पालथे होते ते मी सरळ केले.

तिन्हींत डावा डोळा ओल्या बोटानं पुसला होता. पहिल्यात हलक्या हातानं, जपून, जणू पोरीला लागेल म्हणून. दुसऱ्यात जरा जोरानं. तिसऱ्यात बोट इतकं घासलं होतं की गालापर्यंत काळं ओघळलं होतं. आणि त्याखालून तो पांढरा डोळा माझ्याकडे बघत होता.

दुकानाच्या दर्शनी काचेत मी माझी उत्तमातली उत्तम कामं लावलेली असायची. नवरानवरी, बक्षिसाची ढाल घेतलेला पैलवान, चार देखणी पोरं. ती मी त्या दिवशी काढली आणि हे तीन फोटो ओळीनं लावले. तीस वर्षं झाली, अजून तिथंच आहेत. उन्हानं पिवळे पडले तरी डोळा पांढराच राहिलाय. आता कुणी फोटो काढायला येत नाही, सगळ्यांच्या खिशात कॅमेरा असतो. पण एसटीची वाट बघणारी एखादी बाई कडेवर पोर घेऊन काचेपुढे थांबते आणि विचारते, मामा, हे असले डाग पडलेले फोटो कशाला हो लावलेत?

मी उठून बाहेर येतो. तिला सांगतो, रंग पुसला गेलाय तो पांढरा डोळा बघ, आणि घरी गेल्यावर तुझ्या पोराचा बघ. मग तिच्या कडेवरच्या पोराच्या दोन्ही डोळ्यांत मी वाकून बघतो, काही पोरं त्यानं रडायला लागतात. त्यातलं कुणाचं पोर वाचलं का, मला माहीत नाही. सांगायला अजून कुणी आलेलं नाही. जाता जाता एखादी विचारते, मामा, ही पोरगी कुणाची?

नाव मी सांगत नाही. रंग माझा होता, एवढं सांगतो.